भीती कुणाची, तेल कुणाचं?

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅसिफिक महासागरात देवमाशांच्या शिकारीला निघालेली दोन जहाजं समोरासमोर आली की खलाशी एकमेकांची ख्यालीखुशाली विचारत. आणि मग त्यात एक ठरलेला प्रश्न असे: मोचा डिकची काही खबर?

मोचा डिक हा माणूस नव्हता, चाचाही नव्हता. चिलीच्या किनाऱ्याजवळ मोचा नावाचं एक बेट आहे. त्या बेटाच्या आसपास 1810 च्या आधीपासून दिसणारा तो एक थोराड नर स्पर्म व्हेल होता. रंगानं पांढरा. डोक्यावर शिंपल्यांसारख्या जीवांची पुटं चढलेली. दंतकथा म्हणते की शिकाऱ्यांशी त्याच्या शंभरेक झटापटी झाल्या आणि बहुतेक सगळ्या त्यानं जिंकल्या. कुणी वाटेला गेलं नाही तर तो जहाजाशेजारून शांतपणे पोहत जाई. हार्पून लागला, की मात्र होडीच्या फळ्या उरत नसत.

ही कथा पहिल्यांदा सविस्तर छापून आली ती न्यूयॉर्कच्या ‘निकरबॉकर’ मासिकात, मे 1839 मध्ये. लेखक जेरेमाया रेनॉल्ड्स. बारा वर्षांनी, 1851 साली, हर्मन मेलव्हिलची ‘मोबी डिक’ आली आणि हळूहळू मूळचा डिक झाकला गेला. आज त्याचं नाव येतं ते तळटीपेत, नाहीतर ‘मोबी डिकमागची खरी गोष्ट’ असल्या तीस सेकंदांच्या रीलमध्ये.

मी हिंगोली जिल्ह्यातली. इथून समुद्र गाठायचा तर रात्रभराचा प्रवास. आमच्या पाण्याची मोठ्यात मोठी कल्पना म्हणजे येलदरी, सिद्धेश्वर, इसापूरचं धरण. तरीही हे दोन्ही मजकूर मोबाइलवर शेजारी शेजारी ठेवून वाचताना मला ते परके वाटले नाहीत. उलट एक गोष्ट इथूनच जास्त स्पष्ट दिसली. या दंतकथेबद्दल बोलताना आपण नेहमी विचारतो, तो देवमासा किती मोठा होता, किती क्रूर होता, खरा होता का. माझ्या मते विचारायचे प्रश्न दोनच आहेत. भीती कुणाची होती? आणि तेल कुणाचं झालं?

पाठ देवमाशाकडे

आधी ही शिकार कशी चालायची ते बघू, कारण या साहित्याची सगळी मेख तिथे आहे.

मोठ्या जहाजावरून देवमासा मारत नसत. डोळ्यांच्या टप्प्यात कारंजं दिसलं की जहाजावरून लहान होड्या खाली सोडत. एका होडीत साधारण सहा माणसं. त्यातला एक अधिकारी, म्हणजे कप्तान किंवा मेट, मागे उभा राहून सुकाणू धरायचा. बाकीचे वल्ही मारायचे. वल्हं मारणारा माणूस होडीत उलटा बसतो, म्हणजे ज्या दिशेनं जायचं तिकडे त्याची पाठ असते. देवमासा समोर दिसायचा तो एकट्या अधिकाऱ्याला. मागे वळून बघायची वल्हेकऱ्यांना मनाई, कारण बघितलं की हात थांबतो. आपल्यामागे काय आहे, किती जवळ आलं आहे, हे त्यांना कळायचं ते अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावरून.

आता ही बैठक मनात ठेवून बघा, या कथा आपल्याला सांगितल्या कुणी?

मोचा डिकची कथा रेनॉल्ड्सला सांगतो तो एका शिकारी जहाजाचा फर्स्ट मेट. ‘एसेक्स’ हे नँटकेटचं जहाज 20 नोव्हेंबर 1820 रोजी एका स्पर्म व्हेलनं धडक देऊन बुडवलं. त्याची हकीकत 1821 मध्ये प्रसिद्ध झाली, तीही फर्स्ट मेट ओवेन चेस याच्या नावानं. म्हणजे दोन्हीकडे सांगणारा तोच, ज्याचं तोंड देवमाशाकडे होतं. त्याला दृश्य दिसलं, म्हणून त्याच्याकडे गोष्ट आहे. पाठ करून बसलेल्यांकडे फक्त भीती होती, आणि भीतीची गोष्ट कुणी लगेच छापत नाही. ‘एसेक्स’वरच्या थॉमस निकर्सन या पोऱ्यानं म्हातारपणी आपली आठवण लिहून काढली होती. ती छापून यायला 1984 उजाडलं.

‘एसेक्स’वर 20 माणसं होती. जहाज बुडाल्यावर ती तीन होड्यांत महिनोन्‌महिने भरकटली, उपासमारीत मेलेल्या सोबत्यांचं मांस खाऊन जगली. शेवटी 8 जण वाचले. जहाजावर काळे खलाशीही होते. वाचलेल्या आठांत त्यांच्यातला एकही नव्हता. 2015 मध्ये आलेल्या ‘इन द हार्ट ऑफ द सी’ या चित्रपटानं ही हकीकत पडद्यावर आणली, पण त्यात देवमासा वाचलेल्यांचा माग काढत पुन्हा येतो, जणू त्याचं त्यांच्याशी वैर आहे. चेसच्या हकीकतीतला देवमासा धडक देतो आणि निघून जातो. पुढचा सगळा भयपट भूक, तहान आणि माणसांच्या आपसातल्या पायऱ्या यांचा आहे. चित्रपटाला तो पुरेसा वाटला नाही, म्हणून त्यानं खलनायक लांबवला. दंतकथा नेहमी हेच करते. माणसांनी माणसांचं काय केलं याचा हिशेब जड झाला की बोट जनावराकडे दाखवते.

नाव कधी पडतं

या काळात एकटा मोचा डिकच प्रसिद्ध नव्हता. टिमोर जॅक होता, न्यूझीलंड टॉम होता. या नावांची घडण बघा. आधी गावाचं नाव, मग अगदी रोजच्यातलं नाव. डिक, जॅक, टॉम ही कुण्या सरदाराची नावं नव्हेत. आपल्याकडे ‘येलदरीचा नाम्या’ म्हणावं तशी ही नावं आहेत. होडीत उलटा बसलेला खलाशीही डिक, जॅक नाहीतर टॉमच असायचा. आपल्याला छळणाऱ्या प्राण्याला खलाशांनी आपल्याच जातकुळीतलं नाव दिलं. त्यात भीती आहे, थट्टा आहे, आणि मला वाटतं एक आडून आलेली ओळखही आहे: हाही आपल्यासारखाच, सहज न मरणारा.

पण हजारो देवमासे मारले गेले त्यांना नावं नव्हती. ते पिंपांत मोजले गेले. नाव मिळालं ते उलटून अंगावर आला त्याला. म्हणजे नाव हा मान होता, तसाच तो वॉरंटही होता. नाव पडलं की प्रत्येक जहाज त्याच्या शोधात.

रेनॉल्ड्सच्या लेखाचं मोल मला इथे वाटतं. साहित्य म्हणून तो काही थोर मजकूर नाही. मेट फुशारकी मारतो, भाषा ताणलेली आहे, आणि लेखक शिकाऱ्यांच्या शौर्यानं भारावलेला आहे. पण भारावलेल्या माणसाच्या हातून खरं निसटतं. मोचा डिकचा शेवट सांगताना मेटच्या तोंडून येतं की शिकाऱ्यांनी आधी एक पिल्लू मारलं होतं, त्याची आई सैरभैर झाली होती, आणि त्यानंतर डिक मधे आला. पुढे झटापट, दोर, रक्त, आणि मृत्यू. मग लगेच हिशेब: लांबी सत्तर फुटांहून अधिक, निघालेलं तेल 100 पिंपं, शिवाय डोक्यातलं वेगळं, आणि पाठीत जुने, गंजलेले वीसेक हार्पून. 100 पिंपं म्हणजे आजच्या मापानं साधारण 12 हजार लिटर.

पिल्लू आणि पिंपं. मेटला या दोन गोष्टींचा संबंध लावावासा वाटत नाही. त्याला पहिली ही हकीकत आणि दुसरी ही कमाई. वाचणाऱ्याला मात्र त्या एकाच पानात सापडतात. ज्याला सगळा समुद्र ‘क्रूर’ म्हणत होता, त्याच्या शेवटच्या हल्ल्याला कारण होतं, हे त्याला मारणाऱ्यांनीच नोंदवून ठेवलं.

मेलव्हिलनं काय काढलं, काय घातलं

मेलव्हिल स्वतः जानेवारी 1841 मध्ये ‘अकुश्नेट’ या शिकारी जहाजावर साधा खलाशी म्हणून चढला आणि दीड वर्षात मार्केसस बेटांवर पळून गेला. म्हणजे तो होडीत उलटा बसलेला माणूस आहे. ‘मोबी डिक’चा निवेदक इश्माएलही वल्हेकरी. या कादंबरीचं पहिलं मोठेपण हेच, की पाठ देवमाशाकडे करून बसलेला माणूस अखेर बोलायला लागला. हार्पूनचा दोर बसलेल्या माणसांच्या अंगाभोवतून कसा जातो, तो सुटला की कुणाचा हात किंवा मान कशी घेऊन जातो, यावर एक आख्खं प्रकरण आहे. ते अधिकाऱ्याला सुचलं नसतं.

पण मेलव्हिलनं एक गोष्ट बदलली. मोबी डिकच्या गोष्टीत पिल्लू नाही. तसं कादंबरीत देवमाशांची पिल्लं आहेत. 87 व्या प्रकरणात होडी एका प्रचंड कळपाच्या मध्यभागी जाते, तिथे पाणी संथ आहे, आणि खाली माद्या आपल्या पिल्लांना पाजताना दिसतात. सगळ्या पुस्तकातली बहुधा सर्वांत हळुवार पानं. पण ती पांढऱ्या देवमाशापासून फार दूर ठेवली आहेत. रेनॉल्ड्सकडे जे कारण आणि परिणाम म्हणून शेजारी होतं, ते मेलव्हिलनं वेगळं केलं.

का? माझं उत्तर असं. देवमाशाला कारण दिलं असतं तर कप्तान एहॅबचं काम झालं नसतं. एहॅबचा पाय मोबी डिकनं तोडला आहे आणि त्याला त्या प्राण्यात सगळ्या जगाचं दुष्टपण बघायचं आहे. त्यासाठी देवमासा कोरा हवा. म्हणून तो पांढरा, म्हणून पांढरेपणावर आख्खं प्रकरण. कोऱ्या पाटीवर एहॅब वैर लिहितो, समीक्षक देव लिहितात, नियती लिहितात, निसर्ग लिहितात. मेलव्हिलला हे माहीत होतं आणि त्याची कादंबरी या लिहिण्यावरच आहे, हे मान्य. पण पुढच्या पावणेदोनशे वर्षांत लोकांनी कोरेपण तेवढं घेतलं आणि खाली पाजत असलेल्या माद्या विसरल्या.

त्यानं घातलं काय, तर हिशेब. आणि इथे मराठवाड्यातल्या वाचकाचे कान टवकारतात.

शिकारी जहाजावर पगार नसे, वाटा असे. जहाज तीन-चार वर्षांनी परत आलं की विकलेल्या तेलातून प्रत्येकाला ठरलेला हिस्सा. इश्माएलला जहाजाचा एक मालक आधी 777 वा हिस्सा देऊ करतो, मग घासाघीस होऊन 300 वा ठरतो. कसलेला हार्पूनफेक्या क्वीक्वेग, त्याला 90 वा. प्रत्यक्षातही असंच होतं. निघण्याआधी उचल घेतलेली असायची, तिच्यावर व्याज. वाटेत कपडे, तंबाखू जहाजाच्याच पेटीतून चढ्या भावानं घ्यायचे, ते कापलं जायचं. कित्येक खलाशी तीन वर्षं समुद्रावर काढून परत आले तेव्हा त्यांच्या अंगावर जहाजाचंच देणं होतं.

‘उचल’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. दिवाळीच्या सुमाराला आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगाम संपतो, उचल कधी फिटते, कधी फिटत नाही, आणि न फिटलेली पुढच्या हंगामाच्या मानगुटीवर बसते. साखरेचा भाव कुठे ठरतो हे फडात वाकलेल्याला दिसत नाही. त्याचीही पाठच तिकडे असते.

हे साम्य ओढूनताणून आणलेलं नाही, कारण मेलव्हिल स्वतः तिकडे बोट दाखवतो. पिप नावाचा एक काळा पोरगा घाबरून होडीतून उडी मारतो. दोर त्याच्याभोवती अडकतो, त्याला वाचवायचं तर दोर कापावा लागतो आणि देवमासा सुटतो. होडीचा अधिकारी स्टब त्याला नंतर ऐकवतो: अलाबामात तुझे जेवढे पैसे येतील त्याच्या तीसपट एका देवमाशाचे येतात, तेव्हा पुन्हा उडी मारू नकोस. पिप पुन्हा उडी मारतो, स्टब त्याला मागे सोडून जातो, आणि अफाट समुद्रात एकटा राहिलेला तो पोरगा वेडा होतो. माणूस आणि देवमासा एकाच तराजूत तोलले गेल्याचं याहून थंड वाक्य मला साहित्यात फारसं आठवत नाही.

एहॅब सोन्याचं नाणं डोलकाठीला ठोकतो आणि पांढरा देवमासा प्रथम दिसेल त्याला बक्षीस लावतो, तेव्हा विरोध करतो तो एकटा स्टारबक. त्याचा मुद्दा नीतीचा तर आहेच, पण बाजाराचाही: तुमच्या सुडातून नँटकेटच्या बाजारात किती पिंपं निघणार? वाचताना आपण एहॅबच्या वेडाला भितो आणि स्टारबकच्या शहाणपणाशी सहमत होतो. पण थांबून बघा. त्याचं शहाणपण इतकंच, की रागानं एक मारू नका, हिशेबानं सगळे मारा.

सी. एल. आर. जेम्स या त्रिनिदादच्या विचारवंतानं 1953 मध्ये ‘मोबी डिक’वर पुस्तक लिहिलं. अमेरिकेनं त्याला एलिस बेटावर डांबून ठेवलं होतं, तिथे ते बरंचसं लिहून झालं. एहॅबकडे न बघता जहाजावरच्या कामगारांकडे बघा, असं तो म्हणतो. त्याचं म्हणणं मला पटतं, पण अर्धंच. जेम्सला कामगार दिसले. कामगारांच्या हातून मरणारा जीव त्याच्या चित्रातही बाजूलाच राहतो. रेनॉल्ड्सच्या कच्च्या लेखात चुकून का होईना दोघेही एका पानावर आहेत.

आमच्या शेजारची वाघीण

इथवर हे परक्याचं साहित्य म्हणून वाचता येतं. पण पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा आहे, आणि तिथे 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री एक वाघीण मारली गेली.

पांढरकवडा-राळेगाव भागात तिच्यावर 13 माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. वन विभागाच्या कागदावर ती ‘टी-1’ होती. शहरांतल्या प्राणिप्रेमींनी तिला ‘अवनी’ म्हटलं. गावातल्या माणसासाठी ती वाघीण होती. तीन नावं, तीन गोष्टी. आकड्याच्या नावानं आदेश काढता येतो. अवनी या नावानं मोर्चा काढता येतो, मेणबत्त्या लावता येतात. आणि नुसत्या ‘वाघीण’ या नावाखाली संध्याकाळी गुरं आणायला जावं लागतं.

तिला शोधायला हत्ती आले, ड्रोन आले, कॅमेरे लागले. तिला आकर्षित करायला एक महागडं परदेशी अत्तर वापरायचंही ठरलं. त्याच्या मिश्रणात उदमांजराच्या ग्रंथीतल्या कस्तुरीसारखा एक घटक असतो म्हणून. त्याची बातमी जगभर झाली. गंमत म्हणून वाचली गेली. मला ती वाचताना देवमासा आठवला, कारण अत्तराच्या धंद्याचा त्याच्याशीही जुना संबंध आहे. त्याकडे येतेच.

वाघीण मेली तेव्हा मुंबईत निषेध झाला आणि आसपासच्या गावांत फटाके वाजले. दोन्हींचे फोटो एकाच दिवशी फोनवर आले. तिची दोन पिल्लं होती, साधारण दहा-अकरा महिन्यांची. पुन्हा पिल्लं.

मी इथे मोचा डिक आणि टी-1 एकच असं म्हणणार नाही. फरक मोठा आहे आणि तो पुसला तर ती बेइमानी होईल. खलाशी देवमाशाच्या घरी गेले होते, तेल काढायला. यवतमाळचा गुराखी वाघिणीच्या मागे गेला नव्हता. तो नेहमीच्या रानात नेहमीची गुरं घेऊन गेला होता. त्याला तिच्यापासून काही कमवायचं नव्हतं. म्हणून तिथली भीती ही फुशारकी नव्हे, ती रोजची गोष्ट होती. ज्यांनी फटाके वाजवले त्यांना अडाणी म्हणणं मला जमत नाही. शेतीची वीज रात्री येते तेव्हा बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जाणारा माणूस माझ्या ओळखीचा आहे. हळदीत, सोयाबीनमध्ये रानडुकरं आणि रोही शिरतात म्हणून जागलीला जाणारा माणूसही.

सारखं आहे ते वेगळंच. दोन्हीकडे भीती खालच्या बाकावर बसलेल्याची आहे, आणि गोष्ट सांगणारे दुसरे आहेत. वाघिणीच्या बाबतीत ‘नरभक्षक’ म्हणणारेही बोलले आणि ‘आई’ म्हणणारेही बोलले. 13 मेलेल्यांतल्या एकाचं तरी नाव तुम्हाला आठवतं का? मला आठवत नाही. अवनी हे नाव मात्र आपल्या दोघांनाही लगेच आठवलं.

2021 चा हिंदी चित्रपट ‘शेरनी’ या घटनेशी मिळताजुळता आहे. तो मला ‘इन द हार्ट ऑफ द सी’पेक्षा उजवा वाटतो तो एका साध्या निर्णयामुळे. त्यात वाघीण फारच थोडी दिसते. दिसतं ते ऑफिस, फायली, निवडणूक, हौशी शिकारी, आणि चराऊ रान कमी होत गेलेली माणसं. भीती कशी तयार होते आणि तिचं भांडवल कोण करतं, हे त्याला दाखवायचं आहे. अक्राळविक्राळ जनावर दाखवलं असतं तर आपण तिकडेच बघत बसलो असतो.

देवमासा, आणि त्याची ‘उलटी’

आपल्या भाषेनं या प्राण्याला देवमासा म्हटलं. इश्माएलला हा शब्द आवडला असता. देवमासा हा मासाच, असं तो पुस्तकात हट्टानं सांगतो, शास्त्र काहीही म्हणो. संस्कृतात तर गिळणाऱ्यांची रांगच आहे: तिमि हा महामत्स्य, त्याला गिळणारा तिमिंगिल, आणि त्यालाही गिळणारा तिमिंगिलगिल. कुणालाही शेवटचा म्हणायचं नाही, ही त्यातली समज मला आवडते.

पण आज मराठी बातम्यांत देवमासा बहुतेक वेळा येतो तो एकाच रूपात: ‘कोट्यवधींची व्हेल माशाची उलटी जप्त’. ती उलटी नसते. स्पर्म व्हेल माकूळ वर्गातले प्राणी खातो, त्यांच्या न पचणाऱ्या टणक चोचींभोवती त्याच्या आतड्यात हा मेणासारखा पदार्थ तयार होतो. अत्तराचा वास टिकवायला तो वापरत आले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार स्पर्म व्हेल पहिल्या अनुसूचीत आहे आणि या पदार्थाचा व्यापार गुन्हा आहे. बातमीत पकडलेल्यांची नावं असतात, किंमत असते, गाडीचा नंबर असतो. ज्याच्यासाठी माल चालला होता तो क्वचितच असतो. म्हणजे बातमीचीही बैठक होडीसारखीच. उलटा बसलेला माणूस पकडला जातो.

आणि दिवे? देवमाशाच्या तेलावर बोस्टन, लंडन उजळलं. 1859 मध्ये पेनसिल्व्हेनियात जमिनीतून खनिज तेल काढायला सुरुवात झाली आणि दिव्यांसाठी रॉकेल स्वस्त झालं. आपल्याकडे ज्या चिमण्या-कंदिलांत ते जळलं, त्यांच्या उजेडात कुठल्या समुद्राचा हिशेब मिटला होता हे वात सारणाऱ्याला कळायचं कारण नव्हतं.

जो दंतकथा झाला नाही

जून 2019 मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याची वाट कळली. 1,300 किलोमीटरहून जास्त चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तेलंगणाची हद्द, नांदेड, आणि आमचा हिंगोली जिल्हाही त्याच्या वाटेत होता. शेतांतून, नाल्यांतून, रस्ते ओलांडत, बहुतेक रात्री. बातम्यांनी त्याला ‘वॉकर’ म्हटलं. त्याच्यावर माणूस मारल्याचा ठपका आला नाही. त्याची गोष्ट दोन आठवडे चालली आणि विरली. जोडीदारीण शोधायला चाललेला, उपाशी, सावध प्राणी, एवढंच त्यात होतं. कुणाची भीती नाही, कुणाचं तेल नाही, म्हणून दंतकथा नाही.

मला वाटतं, समीक्षेनं कधीतरी अशा न झालेल्या दंतकथेच्या शेजारी ठेवून झालेली दंतकथा वाचावी. मग कळतं की मोचा डिक मोठा झाला तो त्याच्या आकारामुळे किंवा पांढऱ्या रंगामुळे नव्हे. तो एका धंद्याच्या आड आला म्हणून. मेलव्हिलनं त्याला न मारता सोडलं, आणि सगळं जहाज बुडवून फक्त एका वल्हेकऱ्याला जिवंत ठेवलं, गोष्ट सांगायला. साहित्यानं खालच्या बाकावरच्या माणसाला दिलेला हा मोठा न्याय आहे. पण खरा डिक सुटला नव्हता.

त्याच्या पाठीतल्या त्या वीस हार्पूनांकडे मी पुन्हा पुन्हा येते. त्या काळी हार्पूनच्या लोखंडावर खूण कोरलेली असे, म्हणजे मेलेला देवमासा कुणाचा यावर भांडण झालं तर निकाल लावता यावा. ती खूण जहाजाची असायची. फेकणाऱ्याचं नाव त्यावर नसे. ज्यानं उलटं बसून वल्हं मारलं त्याचं तर नसेच. वर्षानुवर्षं तो प्राणी समुद्रात हिंडला तो असल्या खुणा पाठीत घेऊन.